पन्नासावा बळी

शनिवारी मी क्लबच्या मैदानावर स्कोअर लिहितो असं सांगितलं, की ओळखीचे मराठी लोक विचारतात, "मुलगा खेळतो का?" मुलगा नाही. एक मुलगी आहे, ती ऑकलंडला नोकरी करते आणि क्रिकेट टीव्हीवरसुद्धा बघत नाही. मला स्वतःलाही खेळता येत नाही. मला लिहायला आवडतं. समोर जे घडलं ते घडल्याबरोबर आपल्या रकान्यात जावं, आणि डाव संपल्यावर फलंदाजांची बेरीज, अवांतर धावा आणि गोलंदाजांनी दिलेल्या धावा यांचा मेळ बसावा, यात मला जे समाधान आहे ते दुसऱ्या कशात नाही. आठवडाभर मी हॉस्पिटलच्या फार्मसीत गोळ्या मोजतो आणि शनिवारी धावा. बायको म्हणते, एकच नोकरी दोन ठिकाणी करतोस, त्यातली एक फुकट.

अप्पर हट या उपनगरातल्या आमच्या घराला लागून एक लाकडी घर आहे. त्यात नव्वदीला टेकलेल्या एक बाई एकट्या राहायच्या. आम्ही घरात त्यांना आजी म्हणायचो. समोर अर्थातच नावाने. शरद ऋतूत त्यांच्या झाडाचे फेजोआ, पेरूसारखी हिरवी फळं, पिशवीत भरून कुंपणावर ठेवलेले असायचे. बायको त्यांना बदल्यात चिवडा द्यायची. त्यातले शेंगदाणे त्या वेचून आधी खायच्या.

त्यांच्या पुढच्या खोलीत एक फोटो होता. अकरा माणसं, दहांच्या अंगात ब्लेझर, एक नुसत्या शर्टात. तो शर्टातला माणूस म्हणजे त्यांचे वडील. ब्लेझर ज्याचा त्याने शिवून घ्यायचा असे. ते रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात हे गृहस्थ आमच्या व्हॅलीच्या, म्हणजे या नदीखोऱ्यातल्या सगळ्या क्लबांच्या मिळून असलेल्या, संघातून मध्यमगती गोलंदाजी करायचे. व्हॅलीचे सामने दुसऱ्या जिल्ह्यांशी, दोन-दोन दिवसांचे, ख्रिसमस, न्यू इयर आणि ईस्टरला; कारण कारखाने तेव्हाच बंद. ते दोनदा प्रांताकडूनही खेळले, दोन्ही वेळा घरच्या मैदानावर. तिसऱ्यांदा निवड झाली ती सामुद्रधुनीपलीकडे, साउथ आयलंडच्या दौऱ्यासाठी. दहा दिवस लागणार होते. फोरमन म्हणाला, "जा की. परत आल्यावर तुझी जागा असेल का, ते मात्र मला विचारू नकोस." ते गेले नाहीत. बँकेतले गेले, वकिलांच्या कचेरीतले गेले. पुढच्या मोसमात निवड समितीने त्यांचं नाव विचारातच घेतलं नाही, "हा माणूस प्रवासाला तयार नसतो" म्हणून. हे सगळं आजींनी मला कुंपणापलीकडून सांगितलं, आणि सांगताना त्यांच्या आवाजात राग नव्हता. एवढ्या वर्षांनी राग राहत नसावा, निव्वळ माहिती राहत असावी.

तर प्रांत गेला आणि व्हॅली उरली. आमच्या क्लबच्या पॅव्हेलियनमध्ये एक लाकडी फळा होता. व्हॅलीसाठी पन्नास बळी किंवा हजार धावा करणाऱ्या क्लबच्या खेळाडूंची नावं त्यावर सोनेरी अक्षरांत होती. एकूण अकरा, सगळी त्याच काळातली; लढाईनंतर व्हॅलीचे ते सामनेच बंद पडले. पाचवं नाव आजींच्या वडिलांचं, पुढे आकडा पन्नास. आजी लहान असताना वडिलांनी त्यांना एकदा हात धरून तिथे नेलं होतं. "काही बोलले नाहीत," त्या म्हणाल्या. "एक पाइप ओढून होईपर्यंत उभे राहिले आणि मग आम्ही घरी आलो."

क्लबची शताब्दी आली तेव्हा जुना फळा उतरवून नवा करायचं ठरलं. क्लबचे अध्यक्ष माझ्यापेक्षा थोडे मोठे. त्यांचा बांधकामाचा धंदा आहे. आजोबांपासून सगळे याच क्लबात, आणि आजोबांचं नाव फळ्यावर. ते मला म्हणाले, "मेट, तू आकड्यांचा माणूस. नवीन फळ्यावर चढवण्याआधी एकदा सगळं तपासून टाक. चूक राहायला नको." क्लबच्या स्वतःच्या जुन्या वह्या तर पॅव्हेलियनमध्ये पाणी शिरलं तेव्हाच गेल्या होत्या. तपासायचं कशावरून?

हे मी आजींना सहज बोललो. दुसऱ्या दिवशी त्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेल्या दोन जाड वह्या घेऊन आमच्या दारात उभ्या. त्या काळी व्हॅलीच्या सामन्यांचा आणि क्लबच्या इतर सामन्यांचाही स्कोअर त्यांच्या आईच लिहायच्या. लग्नाआधी त्या कारखान्याच्या कचेरीत टायपिस्ट होत्या. तिथून त्यांना कोणीतरी एका शनिवारी स्कोअर लिहायला बसवलं आणि त्या दहा-बारा वर्षं बसल्या. लग्नानंतरही. शेवटच्या मोसमात शेजारी प्रॅम होती आणि प्रॅममध्ये आजी.

"वडिलांचं नीट लिहा हं, डिअर," त्या म्हणाल्या. "माझ्यानंतर सांगायला कोणी नाही."

त्यांना अपत्य नव्हतं. साउथ आयलंडला एक भाचा होता. फळ्यावरचं नाव एवढंच वडिलांचं जगात उरलं होतं आणि ते नव्या फळ्यावर गेलेलं त्यांना बघायचं होतं. मला वाटतं त्या वर्षी त्या त्याच्यासाठीच जगत होत्या.

त्या वह्यांबद्दल मला लिहायला हवं. मी आजवर अनेक स्कोअरर पाहिले, पण असं काम पाहिलं नाही. पेन्सिलने लिहिलेलं, एकही आकडा रकान्याबाहेर नाही. समासात वाऱ्याची दिशा, पाऊस किती मिनिटं, चहाला किती वाजता थांबले. डावामागून डाव मेळ बसत होता. मी हॉस्पिटलातून आलो की जेवणाच्या टेबलावर वही उघडायचो, आणि एखाद्या चांगल्या सहकाऱ्याबरोबर बसल्यासारखं वाटायचं.

सुरुवात त्यांच्या वडिलांपासून केली, कारण वह्या त्यांच्या घरच्या. सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, मग एका न्यू इयरच्या सामन्यात पन्नास. मोजून झालं होतं. पण सवयीने मी त्या डावाचा मेळ पाहिला. समोरचा संघ सर्वबाद. गोलंदाजांच्या नावावरचे बळी दहा. आणि फलंदाजांच्या बाजूला एक जण धावबाद. दहा आणि एक अकरा. अकरा गडी कसे बाद होतील?

शोधायला वेळ लागला नाही. धाव घेताना गोंधळ झाला होता, चेंडू गोलंदाजाच्या टोकाला फेकला गेला आणि यष्ट्या उडवल्या त्या आजींच्या वडिलांनी. फलंदाजाच्या रकान्यात त्यांच्या आईने बरोबर "धावबाद" लिहिलं होतं. पण गोलंदाजाच्या षटकात, त्या चेंडूच्या जागी, बळीची खूणही केली होती. धावबाद हा गोलंदाजाचा बळी नसतो. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. बाकी सगळीकडे त्यांनी बरोबर लिहिलं आहे. त्या एका ठिकाणी नवऱ्याने यष्ट्या उडवलेल्या पाहिल्या आणि पेन्सिल चालली.

बळी एकोणपन्नास होते.

बायकोला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती.

"मग?"

"मग काय. एकोणपन्नास."

"कोणी विचारलंय तुला? एवढी वर्षं पन्नास आहेत ना? राहू दे की."

"अध्यक्षांनी तपासायला सांगितलंय."

"त्यांनी सांगितलंय की आजोबांचं नाव छान दिसू दे. त्या म्हातारीचं काढ असं नाही सांगितलं. अरे, एका बळीने कोणाचं काय जाणार आहे?"

"आकडा चूक आहे."

"असू दे ना एक आकडा चूक," ती म्हणाली. "जगात सगळं तुझ्या फार्मसीसारखं नसतं."

तिचं बरोबर होतं, पण मला हे त्या वेळी ऐकू येणं शक्य नव्हतं आणि त्याला कारण आहे. बारावीनंतर फार्मसीला प्रवेश मिळाला तेव्हा माझी जातपडताळणी अडली होती. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर एक गाव आणि वडिलांच्या दाखल्यावर दुसरं. दोन गावांत तीन किलोमीटरचं अंतर आणि मधे एक ओढा. त्यासाठी वडील जिल्ह्याच्या ठिकाणी सतरा खेपा घालून आले. मी मोजल्या आहेत. माझ्या वर्गातल्या बाकीच्यांच्या आजोबांचा दाखला कोणी मागितला नव्हता. ते कुठल्या गावचे, कधी जन्मले, खरोखर शाळेत गेले का, कोणाला पडलेली नव्हती. वडील जिल्हा परिषदेत क्लार्क. धम्मदीक्षा झाली तेव्हा ते नुकते शाळेत जाऊ लागले होते. ते मला म्हणाले, "आपला कागद असा पाहिजे की त्यांना बोट ठेवायला जागा मिळू नये." मी तो नियम घेतला आणि तीस वर्षं पाळला. नियम चांगलाच आहे. पण तो आपल्या स्वतःच्या कागदासाठी होता. दुसऱ्याच्या कागदावर पहिलं बोट आपण ठेवावं, असं त्यात कुठेही नव्हतं.

मी दोन गोष्टी केल्या. पहिली, फार्मसीत करतो तशी दुरुस्ती: चुकीच्या खुणेवर एक सरळ रेघ, शेजारी बरोबर नोंद, माझी आद्याक्षरं आणि तारीख. शाईने. त्या वेळी तो आपला अधिकार आहे की नाही हा प्रश्नसुद्धा मनात आला नाही. हात सरावाने चालला, जसा त्या बाईंचा चालला असेल. दुसरी, अध्यक्षांना पाच ओळींची ईमेल. मंगळवारी पाठवली. त्यात अकरा गड्यांचा हिशेब मांडला, त्या पानाचा फोटो जोडला, आणि ही नोंद आजींच्या आईकडून झाली हेही लिहिलं, कारण स्रोत लिहायचा असतो. दहा मिनिटांत उत्तर आलं: "स्वीट ॲज. थँक्स मेट." म्हणजे इथल्या बोलीत, झकास.

आजींना सांगितलं नाही. ठरवलं होतं की बाकीची दहा नावं तपासून झाली की सगळं एकदम सांगू. स्कोअरच्या वहीत एकच रकाना दुरुस्त करून कोणी थांबत नाही. इथे एक कमी केला तर तिथेही बघावं लागतं. हे मला कोणी शिकवायला नको होतं.

बाकीच्या दहांना पुढचे दोन आठवडे लागले. दहापैकी सात बरोबर निघाले. तीन नाही. एका गोलंदाजाचे चार बळी रविवारच्या मैत्रीच्या सामन्यातले होते. दोन भावांच्या धावा एका भावाच्या नावावर जमा होत्या. आणि अध्यक्षांच्या आजोबांच्या हजार आणि काही धावांत एक्क्याऐंशी धावांची खेळी होती ती क्लबातल्या विवाहित विरुद्ध अविवाहित या पिकनिकच्या सामन्यातली. वहीच्या समासात त्या बाईंनी लिहून ठेवलं होतं, "सीमारेषा आखलेली नाही. एका बाजूला तेरा जण." ती खेळी वजा केली की आजोबा हजाराच्या खाली येत होते, आणि बाकीचे दोघेही फळ्याच्या अटीत बसत नव्हते.

शनिवारी सामना संपल्यावर कागद घेऊन मी पॅव्हेलियनमध्ये गेलो. अध्यक्ष बारपाशी चार-पाच जणांत उभे होते. मी दाराशी पोचलो तेव्हा त्यांचं वाक्य संपत होतं.

"...म्हणजे बघा, बायकोच्या हातात पेन्सिल असती तर मीही पन्नास काढले असते!"

"तुझी बायको तुला शून्य देईल," कोणीतरी म्हणालं.

"आणि अवांतरमध्ये टाकेल!"

सगळे हसले. मला पाहून अध्यक्षांनी ग्लास उचलला. "हा बघा आपला ऑडिटर. नव्वद वर्षांपूर्वीची चोरी पकडली."

"चोरी नाही ती," मी म्हणालो. "चूक आहे. आणि आणखी तीन आहेत."

त्यांना बाजूला घेऊन मी कागद दाखवला. ते आजोबांच्या ओळीवर थांबले. मग कागदाची घडी घालून माझ्याच शर्टाच्या खिशात ठेवली.

"मेट, दुरुस्त्यांची मुदत काल संपली. नावं रंगवायला गेली."

"मुदत आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं."

"तुझी आली होती ना वेळेत. एक. ती घेतली आम्ही. बाकीचं जसं चालत आलंय तसं चालू दे. हे लोक मेलेत रे, त्यांना कशाला छळायचं?"

"ते एक गृहस्थही मेलेच आहेत."

"हो," ते म्हणाले, "पण त्यांचं तू लिहून दिलंस."

रविवारी सकाळी आजी आल्या. क्लबच्या चहासाठी स्कोन करायला येणाऱ्या बाईने त्यांना बारवरचा विनोद सांगितला होता, फोनवर, आणि सांगताना तीही हसली होती. आजी आत आल्या नाहीत. "माझ्या वह्या द्या." मी आणून दिल्या. त्यांनी उंबऱ्यातच उघडल्या. पान त्यांना पाठ असावं. माझी शाई पाहिली.

"हे तुम्ही केलंत?"

"हो."

"आईच्या वहीत."

मी अकरा गड्यांचा हिशेब सांगायला लागलो. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला. त्यांना समजत होता. स्कोअररच्या कन्या होत्या.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "आता मी तुम्हाला एक सांगते. त्या मोसमात ईस्टरचा एक सामना बाकी होता. वडिलांची निवड झाली होती. ते म्हणाले, माझे पन्नास झाले, आता त्या नव्या पोराला घ्या, त्याला संधी मिळू दे. त्यांनी बूट साफ करून ठेवून दिले. पुढे लढाई आली, खांदा गेला. आईने एक जास्त लिहिला म्हणून ते थांबले, नाहीतर ईस्टरला खेळले असते. एक बळी काय, चार घेतले असते."

वह्यांचा मेळ कितीही बसवला तरी न खेळलेल्या सामन्याला रकाना नसतो. बायको मागे उभी होती, ती म्हणाली, "आत या ना, चहा घ्या." आजींनी तिच्याकडे पाहून मान हलवली, अभ्र्यात वह्या गुंडाळल्या आणि गेल्या. वाटेत आमच्या फाटकाला आधारासाठी धरून उभ्या राहिल्या. मी पुढे झालो, त्यांनी हातानेच नको म्हटलं.

नव्या फळ्यावर दहा नावं आली. अनावरणाच्या दिवशी मी स्कोअरच्या टेबलावर होतो, त्या आल्या नाहीत. मी समितीला रीतसर पत्र लिहिलं: एकच मोजमाप सगळ्यांना लावा, चारही नावं उतरवा, नाहीतर चारही ठेवा. समितीने बोलावलं. बोलले सगळे गोडच. एकांनी "किया ओरा" असा माओरी नमस्कार करून खुर्ची पुढे केली. मग विचारलं, मूळ वह्या कुठे आहेत? माझ्याकडे फोटो फक्त आजींच्या वडिलांच्या त्या एका पानाचा होता, कारण ईमेलला तेवढाच लागला होता. बाकी तिघांचं मी माझ्या वहीत उतरवून घेतलं होतं, आणि फार्मसीत स्वतःच्या हाताने उतरवलेली नक्कल पुरावा म्हणून मीही घेणार नाही. "मूळ वह्या आण," अध्यक्ष म्हणाले, "मग बघू." त्यांचा आवाज अगदी शांत होता. त्या वह्या कोणाकडे आहेत आणि आता मला मिळणार आहेत का, हे त्यांना ठाऊक होतं.

तरीही मी गेलो. तीन आठवड्यांनंतर, दुपारी, हातात चिवड्याचा डबा. मधल्या काळात कुंपणावर पिशवी आलेली नव्हती. आजींनी दार उघडलं, डबा घेतला आणि बसायला सांगितलं. फोटो भिंतीवर होता. मी सगळं सांगितलं: तीन नावं, पिकनिकचा सामना, एक्क्याऐंशी धावा, समिती. म्हणालो, वह्या दोन दिवसांसाठी द्या. वडिलांचं नाव परत येईल, नाहीतर त्या तिघांची तरी उतरतील. न्याय सारखा होईल.

त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मला त्या तिघांची नावं खाली उतरवायची नव्हती, डिअर. मला वडिलांचं वर हवं होतं."

"पण त्यासाठी वह्या..."

"नाहीत त्या आता." त्यांनी खोलीतल्या लाकडाच्या शेगडीकडे बोट दाखवलं. थंडी सुरू झाली होती, काचेमागे जाळ होता. "गेल्या गुरुवारी घातल्या. आईवर लोकांनी बारमध्ये हसावं म्हणून मी त्या एवढी वर्षं सांभाळल्या नव्हत्या."

मी त्या शेगडीकडे बघत राहिलो. दहा-बारा मोसम, वाऱ्याच्या दिशा, पावसाची मिनिटं, आणि एकही आकडा रकान्याबाहेर नाही. त्यांनी माझी शाई जाळली होती, आणि त्या शाईबरोबर अध्यक्षांच्या आजोबांचे हजार कायमचे खरे झाले होते. हे त्यांना मी सांगितलं नाही. कदाचित त्यांना कळलंही असेल आणि फरक पडत नसेल.

ऑगस्टमध्ये भाचा येऊन त्यांना साउथ आयलंडच्या वृद्धाश्रमात घेऊन गेला. निरोपाला त्यांनी बायकोला जवळ घेतलं. माझ्याशी हात मिळवला.

मी अजूनही शनिवारी स्कोअर लिहितो. सोडून देईन असं बायकोला वाटलं होतं. मलाही वाटलं होतं. टेबलावर बसलं की फळा समोरच दिसतो. त्या फिटरच्या व्हॅलीसाठीच्या साऱ्या खेळाची आता जगात एकच लेखी नोंद उरली आहे: शताब्दीच्या फाइलमध्ये लावलेली माझी पाच ओळींची ईमेल, आणि तिला जोडलेल्या एका पानाचा फोटो. त्यांच्याबद्दल कोणी कधी विचारलं तर त्याला तेवढंच सापडेल. त्यात आकडा एकोणपन्नास आहे. बरोबर आहे.